मी ॲजिटेट केलं नव्हतं

कारकुनाने शाईचा डबा माझ्यापुढे सरकवला. काही विचारलं नाही. मिठाने फुटलेले माझे हात बघितले आणि डबा सरकवला.

"आबानू, हंय आंगठो."

"माका सही येता."

टेबलापलीकडचा साहेब हसला. फोन कानाला होता. माझ्याकडे बघत बघतच कुणाला तरी सांगत होता, "येस, येस, द ओल्ड मॅन. ही ॲजिटेट्स पीपल." तोच शब्द त्याने तीनदा घेतला. म्हणून माझ्या डोक्यात राहिला. बाकीचं इंग्रजी वाऱ्यावर गेलं.

मी उभा होतो. समोर खुर्ची रिकामी होती. बस म्हणून कोणी म्हटलं नाही, आणि मीही विचारलं नाही. टेबलावरच्या त्या कागदापायी तालुक्याच्या कचेरीत ही माझी तिसरी खेप. एसटीत दीड तास उभा. गुडघे गेलेत माझे.

"काय ता, ॲजिटेट?" मी कारकुनाला विचारलं. तो कुडाळकडचा. साहेबाशी शुद्ध बोलतो, माझ्याशी आपलं.

तो खाली बघत म्हणाला, "लोकांका भडकवणारो, आबानू. माणसां उठवणारो. तुमच्यावर तसा लिवलेला आसा."

माझ्यावर लिहिलेलं, आणि मलाच वाचता येऊ नये असं लिहिलेलं. अख्खा कागद इंग्रजी. खाली चार ओळी तेवढ्या मराठीत, सहीपुरत्या. त्या मी बोट धरून वाचल्या. तिसरी शिकलोय मी. 'किनाऱ्यावर आरडाओरड केली ती चूक झाली. पुन्हा लोक जमवणार नाही.'

आता काय झालं होतं ते सांगतो.

आम्ही रापणकर. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी जाळं टाकत समुद्रात अर्धा वळसा घेते, दोरीची दोन टोकं वाळूवर येतात आणि गाव ओढतं. जो दोरीला हात लावील त्याला वाटा. म्हातारी असो, पोर असो, पावणा असो. बापापासून हाच कायदा. आणि मासळी कधी आली हे सांगायचं काम एकाचं. तो सकाळपासून खडकावर बसतो. पाण्यावर काळी सावली सरकताना दिसली की टॉवेल हलवतो आणि साद घालतो. साद ऐकली की हातातलं टाकून यायचं. गेली कित्येक वर्षं तो खडक माझा आहे. मी खोटी साद एकदाही घातलेली नाही.

त्या सकाळी मोजणीवाले आले. आमच्या किनाऱ्यावर पर्यटनाचं काहीतरी मोठं होणार, म्हणून. आम्ही जिथे दोरी ओढतो तिथेच त्यांनी झेंडे लावलेले बांबू रोवले. हाच साहेब छत्रीखाली खुर्ची टाकून बसला. मी वरून बघत होतो. खरं सांगतो, मनात काही आलं नाही. आले, मोजतील, जातील. एवढंच.

आणि पाणी काळवंडलं. बांगडा!

मी टॉवेल काढला. साद घातली.

गाव आलं. बायका साड्या खोचून, पुरुष अर्ध्या जेवणावरून उठून. सगळे दोरीकडे धावले, आणि दोरी होती साहेबाच्या मागे. त्याला वाटलं, त्याच्यावरच आले. साहेब जो पळाला तो थेट जीपमध्ये. एक चप्पल वाळूतच राहिली. दोन बांबू पायाखाली मोडले. कुणी मुद्दाम नाही मोडले. धावताना मधे होते.

मोजणीवाल्यांतल्या एकाने तर पँट वर करून दोरी धरली. त्याला बांगडे मिळाले, पिशवी भरून. होडी इनासची, तो वाटे घालत होता. त्याने मला विचारलं, "सायबाचो वाटो काढूचो काय रे?"

"दोरी धरल्यान?"

"खंय! जीपचो दरवाजो धरल्यान."

गाव पोट धरून हसलं. चप्पल इनासने धुऊन जीपच्या टपावर ठेवली. आम्हाला ती गंमत वाटली. पंधरा दिवसांनी कागद आला.

मी साहेबाला हे सगळं सांगितलं, जमेल तसं शुद्धात. मासळी आली म्हणून हाक मारली. तुमच्यासाठी नाही मारली.

"म्हणजे आमच्या समोर शे-दोनशे माणसं धावून आली ती माशांसाठी?"

"होय."

तो पुन्हा हसला. मग आवाज मऊ केला. तो मऊ आवाज जास्त लागला. "हे बघा आजोबा, तुम्ही साधी माणसं. तुम्हाला हे कोणीतरी शिकवलेलं असणार. सही करा आणि घरी जा. तुमच्या डोक्यातलं हे नाही, ते मला समजतं."

तुमच्या डोक्यातलं हे नाही.

आणि खरं होतं ते. माझ्या डोक्यातलं नव्हतंच. खाडीकडची वाळू कुंपणात गेली तेव्हा मी लांबून वळसा घालून जायला लागलो. ट्रॉलर किनाऱ्याला घासून जायला लागले तेव्हा दैवाला बोल लावला. होड्या सुकवायची जागा गेली, मी होडी दुसरीकडे ओढली. जन्मभर असाच सरकत आलो. एकदाही उभा राहिलो नाही. आज कागदावर लिहून आलं की हा माणसं उठवतो. मला लाज वाटली ती आरोप खोटा होता याची.

मी पेन उचललं. साहेबाला बरं वाटलं. कारकून बोट ठेवून दाखवत होता, सही इथे.

तिथे नाही केली. कागद उलटा केला. माझं अक्षर मोठं, वेळ लागला. साहेब घड्याळ बघत राहिला. मी लिहिलं, 'मी त्या दिवशी ॲजिटेट केलं नाही. मासळी आली होती. यापुढे करीन.' खाली सही. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.

"ह्या काय केलात, आबानू!" कारकून पुटपुटला. "केस घालतले."

"घालूंदेत."

डबा मी त्याच्याकडे परत सरकवला आणि जिना उतरलो. जिन्याने जीव काढला.

घरी सुनेला सांगितलं. ती मासे कापत होती. मान वर न करता म्हणाली, "ह्या वयात तुरुंगात जातलास काय?"

"बोलवल्यानी तर जातलंय."

मासा उलटा करून म्हणाली, "पण खोटी साद घातलास तर परत कोण येवचो नाय. सांगून ठेवतंय."

बरोबर बोलली. म्हणून मी घरोघर फिरलो. इनासकडून सुरुवात केली, टोकाच्या घरापर्यंत. हळूहळू, बसत बसत. चार दिवस लागले. सगळ्यांना एकच सांगितलं. पांढरा टॉवेल हलला तर मासळी. तांबडा हलला तर बांबूवाले. दोन्हीला तसंच यायचं, हातातलं टाकून. आणि तांबड्याला आलात की दोरीजवळ बसायचं. कुणाच्या अंगावर जायचं नाही. कुणी उठवलं तरी उठायचं नाही.

रोज सकाळी खडकावर चढतो. पूर्वी एका दमात चढायचो, आता तीनदा थांबतो. पांढरा टॉवेल जुना, विरलेला, खांद्यावर असतो. तांबडा मांडीवर. त्याची अजून घडीसुद्धा मोडलेली नाही.

मोडीन.