हळूहळू सांगणारे रवींद्रकाका

अमेरिकेतल्या बॉथेलच्या मराठी मंडळींत वाईट बातमी आली, की ती आधी रवींद्र मोहोळकरांकडे जायची. कुणाचा भाऊ पुण्यात वारला, कुणाच्या आईला कॅन्सर निघाला, की लोक म्हणत, "काका, तुम्हीच सांगा, तुम्हाला जमतं." आणि जमायचंही त्यांना. आधी हवापाणी, मग चहा, मग "जरा तब्येत बरी नाही म्हणे", आणि तासाभराने खरं. या कलेचा त्यांना कोण अभिमान! खरं सांगायचं तर ऐकणाऱ्याचा पडलेला चेहरा त्यांना स्वतःलाच बघवत नसे. पण हे त्यांना तोंडावर कुणी कधी म्हटलं नाही.

मे महिन्यात त्यांची बायको रत्ना मैत्रिणींबरोबर व्हिएतनामला गेली. ग्रीन कार्डाची वाट बघण्यात आणि लेकीच्या, हिमानीच्या शाळेत तिची बारा वर्षं गेली होती. स्वतःसाठी म्हणून ही पहिलीच ट्रिप. एके दिवशी तिथल्या सापा नावाच्या गावाजवळच्या डोंगरांत गाइडबरोबर दिवसभराची सहल होती. बॉथेलमध्ये संध्याकाळचे सात वाजले होते, तिकडे दुसऱ्या दिवसाची सकाळ. रवींद्र भाजी फोडणीला टाकत होते, तेवढ्यात नागपूरहून मेहुण्याचा, विक्रमचा फोन आला, सासऱ्यांबद्दल.

"भाऊजी, अप्पांना अटॅक आलाय. अकरा वाजता ऑपरेशनला नेताहेत. शुद्धीवर आहेत, पण डॉक्टर गॅरंटी देत नाहीत. त्याआधी ताईशी बोलायचंय म्हणून एकच धोशा लावलाय. मी डायरेक्ट सांगितलं तर ती हाय खाईल. तुम्ही तिला नीट सांगा आणि मला कॉल करायला लावा."

"मी बघतो," रवींद्र म्हणाले. नागपुरात साडेसात वाजले होते. साडेतीन तास हातात होते.

सतरा वर्षांच्या हिमानीने सगळं ऐकलं होतं. "बाबा, कॉल हर. नाऊ."

"थांब गं. परक्या डोंगरात रडत बसेल ती. ऑपरेशन होऊन जाऊ दे, मग चांगली बातमीच देऊ."

"शी हॅज अ राइट टू नो!"

"आणि तू मेसेज करायचा नाहीस. माझी शपथ आहे."

पोरगी शपथबिपथ मानणारी नव्हती, पण वडिलांचा आवाज इतका चढलेला तिने कधी ऐकला नव्हता. ती पाय आपटत वर निघून गेली.

आठ वाजता रत्नाचाच व्हिडिओ कॉल आला. मागे डोंगरभर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं, पाण्याने काठोकाठ भरलेली. उन्हाने तिचा चेहरा लाल झाला होता आणि ती विशीतली दिसत होती.

"रवी, बघ यार! दुपारी गाइडच्या आईच्या घरी चुलीवरचं जेवण आहे. थांब, अप्पांना लावते. भंडाऱ्याच्या भातशेतीत जन्म गेलाय त्यांचा, हे बघून वेडे होतील."

दार आयतं उघडलं होतं. रवींद्रांना काही सांगायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं गप्प बसले असते तरी पुरे होतं. तिने फोन लावला असता, विक्रमने उचलून अप्पांच्या हातात दिला असता. पण समोर तो हसरा चेहरा होता, आणि तो पडताना बघायची या माणसाची छाती नव्हती.

"आत्ता नको," ते म्हणाले. "देवळात गेले असतील या वेळी. संध्याकाळी निवांत लाव."

"हो रे, विसरलेच. बाकी सगळं ठीक ना?"

"एकदम."

त्यानंतर विक्रमचे तीन फोन आले. तिन्ही वेळा रवींद्रांनी एकच उत्तर दिलं, "तिकडे रेंज नाही रे." तिसऱ्या वेळी मागून अप्पांचा थकलेला आवाज आला, "लागला का?"

अप्पा ऑपरेशन टेबलावरच गेले.

रत्ना हॉटेलवर परतल्यावर रवींद्रांनी नेहमीच्या पद्धतीने सुरुवात केली. सहल कशी झाली, जेवलीस का, आणि मग, "अप्पांना जरा बरं नाही."

"गेले ना?" ती म्हणाली. बावीस वर्षांच्या संसारात तिला ती पद्धत पाठ झाली होती. मग तिने एवढंच विचारलं, "मी सकाळी फोन लावत होते, तेव्हा तुला माहीत होतं?"

या प्रश्नाला हळूहळू उत्तर देण्याची सोय नव्हती. "हो," रवींद्र म्हणाले.

ती तिथूनच नागपूरला गेली आणि तेराव्यानंतर बॉथेलला परतली. भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं रवींद्रांना फार वाटलं. तिने डबे भरले, ऑफिस गाठलं, मैत्रिणींकडे हळदीकुंकवालाही गेली.

सप्टेंबरमध्ये हिमानी कॉलेजला निघाली. चार तासांचा ड्राइव्ह, तोही एकटीने पहिल्यांदाच. रत्ना संध्याकाळी पोळ्या करत असताना रवींद्र स्वयंपाकघरात आले.

"पोचली गं हिमानी, नीट पोचली. आत्ताच फोन आला होता."

रत्नाने गॅस बंद केला, हात पुसले आणि हिमानीला फोन लावला. पोरीचा आवाज कानावर आल्यावरच तिचे खांदे सैल झाले. रवींद्र हातभर अंतरावर उभे होते. तिने गॅस पुन्हा पेटवला आणि पुढची पोळी लाटायला घेतली.