बसऱ्याला गेलेल्याचं नाव

रविवारी सकाळी, पाचशे रुपये मजुरी ठरवून, चावडीजवळच्या शिळेपाशी आत्या, पाथरवट आणि मी जमलो. गावातून चाळीस जण पहिल्या महायुद्धाला गेले, सात मेले, एवढंच इंग्रजांनी त्या शिळेवर कोरलंय. सातांतले एक माझ्या आजोबांचे थोरले भाऊ, इराकच्या आघाडीवर गेलेले. त्यांचं नाव कोरून घ्यायचं होतं.

"नाव सांगा," पाथरवट म्हणाला.

मी आत्याकडे पाहिलं; तिला ठाऊक असेल असं धरून चाललो होतो. आत्या गोंधळली. "अरे, घरात 'बसऱ्याला गेलेला' एवढंच म्हणायचे. दादांसमोर तेही नाही."

दादा म्हणजे माझे आजोबा. इंग्रजांचा जंगलकायदा मोडून ते तुरुंगात गेले. शाळेला त्यांचं नाव आहे. इंग्रजांनी थोरल्याचा निदान आकडा ठेवला. आम्ही तोही ठेवला नाही.

"मग काय, बसरा कोरू?" पाथरवट हसला.

आत्याने सातच्या आकड्यावर हळदकुंकू वाहिलं. पाथरवटाला येण्याजाण्याचे शंभर दिले.