फुलचोर आणि बोलणारी बेल

मुलाकडे परदेशात आले खरी, पण आमच्या शुगर लँडच्या गल्लीत माणसं राहतात, याचा पुरावा मला कित्येक महिने मिळाला नव्हता. गॅरेजचं दार वर जातं, गाडी बाहेर पडते, दार खाली येतं. संध्याकाळी तेच उलट. घरंच गाड्या गिळतात आणि ओकतात म्हणा ना!

मी आपली ऊन चढायच्या आत फिरायला जाते, हातात पिशवी घेऊन. येताना देवाला चार फुलं आणायची. नाशिकला आमच्या कॉलनीत मी रिकाम्या पिशवीने परत आले असते, तर शेजारणीने तब्येत विचारली असती. इथे कोपऱ्यावरच्या घराची लाल जास्वंद थेट फुटपाथवर ओणवलेली. आता ती काय गाड्यांसाठी फुलते?

एका शनिवारी नात फोन नाचवत आली. "आजी, यू आर सो फेमस!"

बघते तर मीच! त्या घराच्या बेलमध्ये कॅमेरा होता, आणि मालकिणीने माझा व्हिडिओ गल्लीच्या ॲपवर टाकलेला. साडी, खाली मुलाचे जुने बूट, डोक्यावर सुनेची टोपी. टाचा उंचावून, इकडेतिकडे बघत मी फूल तोडतेय. अहो, मी गाडी येतेय का ते बघत होते! पण कॅमेऱ्यात ते अगदी पाप दिसत होतं. खाली शेजाऱ्यांची ही गर्दी. एकाला टोळीचा संशय, एकाने दिवे वाढवले, एक म्हणे पोलिसांना कळवा. ज्यांनी कधी मला साधं 'हाय' केलं नाही, ते माझ्याबद्दल इतकं भरभरून बोलत होते की क्षणभर मला बरंच वाटलं.

मुलगा मात्र पांढराफटक. "आई, उद्यापासून बाहेर जायचं नाही. इथे लोक घाबरतात गं."

"मला? या गुडघ्यांना?"

"ट्रेडमिलवर चाल. फुलं मी ऑर्डर करतो."

केलीही. खोक्यात खोकं, त्यात हवेच्या पिशव्या आणि तळाशी प्लास्टिकचा झेंडूचा हार. "धुता येतो," मुलगा म्हणाला. ट्रेडमिलवर मी भिंतीकडे बघत चालले. भिंत काही जवळ येईना. मला तर वाटलं, आता जन्म या भिंतीसमोरच जाणार.

सोमवारी सगळे कामावर गेल्यावर मी डब्यात रव्याचे लाडू भरले, त्या घरी गेले आणि बेल दाबली. दार उघडलं नाही, बेलच बोलली. बाई होती तासाभरावरच्या ऑफिसात, तिथून फोनवरून बेलमधून बोलत होती.

मी जवळ जाऊन माझ्या इंग्रजीत सांगितलं, "आय फ्लॉवर थीफ. फॉर गॉड. सॉरी. धिस लाडू."

बेल एवढी खळखळून हसली! मग म्हणाली, सॉरी तर मीच म्हणायला हवं. मी अंधारात निघते, अंधारात येते. माझी जास्वंद मी फोनवरच बघते. तुम्ही फुलं न्या, फक्त आज कोणतं नेताय ते मला दाखवून न्या.

तिने ॲपवरही तसं लिहून टाकलं. झालं, लगेच दुसऱ्यांच्या तक्रारी सुरू: आमच्याकडे गुलाब आहेत, आजी आमच्याकडे का येत नाहीत? मुलाला हे वाचून दाखवलं, तेव्हा कुठे तो विरघळला. तरी म्हणालाच, "फोन खिशात ठेव, आणि जाताना आपल्या बेलसमोरून जा. मला ऑफिसात दिसेल."

साडीला खिसा कुठला असतो हे त्याला विचारलं नाही.

आता मी रोज एका बेलला फूल दाखवते. बाईचा चेहरा अजून पाहिलेला नाही, पण माझा लाडवांचा डबा पायरीवर परत आला तो लिंबांनी भरून. डबा रिकामा देऊ नये, हे तिला कोणी शिकवलं कोण जाणे.

आणि तो प्लास्टिकचा हार? वाया नाही घालवला. आमच्याच बेलला घातला. दुसऱ्याच दिवशी मुलाचा ऑफिसातून फोन, "आई, कॅमेऱ्यात नुसता झेंडू दिसतोय! तू कुठेयस?"

म्हटलं, "फुलं आणायला."