आतोबांचे जपानी शुक्रवार

माझ्या आतोबांनी आजवर अकरा वेळा जग वाचवलं आहे, आणि ते सगळं मस्कतच्या हमरियात, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, शुक्रवारी जेवून उठल्यावर. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. गाव चिपळूणच्या पुढे आत, काम लिफ्ट दुरुस्तीचं, वय तेव्हा पन्नाशीच्या पलीकडे. दोन हजार अकरा-बाराच्या सुमारास मी डिप्लोमा संपवून नोकरीसाठी ओमानला गेलो तो त्यांच्याकडेच उतरलो आणि पुढे काही वर्षं तिथेच राहिलो. पहिल्या शुक्रवारी दुपारी पाहतो तर पडदे ओढलेले, एसीची संथ घरघर, आणि हा गंभीर माणूस कानांना रुमाल गुंडाळून टीव्हीसमोर मांडी घालून बसलेला. पडद्यावर निळ्या केसांचा एक कोवळा मुलगा पाठीवर स्वतःहून उंच तलवार घेऊन एका म्हातारीशी गव्हाच्या पिकाबद्दल बोलत होता. "बस," आतोबा म्हणाले, "या गावातली चार घरं राहिली आहेत. विचारपूस होऊ दे, मग चहा टाकू."

हे वेड त्यांना लागलं ते योगायोगाने. मदिनत सुलतान काबूस या वस्तीतल्या एका इमारतीची लिफ्ट त्यांच्याकडे होती. तिथलं एक इंग्रज कुटुंब कायमचं मायदेशी निघालं तेव्हा त्यांनी गेम खेळायचं यंत्र आणि डिस्कचं एक खोकं लिफ्टपाशी आणून ठेवलं आणि आतोबांना म्हणाले, हवं तर घेऊन जा. आतोबांना वाटलं, सिनेमे असतील. घरी आणून लावलं तर सिनेमा पुढे सरकेना. नायक आपला एका पुलावर उभा. तो असा का उभा आहे हे कळायला त्यांना अख्खा शुक्रवार लागला. तो त्यांची वाट पाहत होता. "इतकी वर्षं झाली या देशात," ते सांगायचे, "घरी आल्यावर माझ्यासाठी थांबलेलं कोणीतरी पहिल्यांदाच दिसलं."

हे खेळ म्हणजे रोल-प्लेइंग गेम. आपण त्यातलं एक पात्र व्हायचं आणि साठ-सत्तर तास त्याची गोष्ट जगायची. आतोबांच्या मते त्यांत दोन घराणी होती, एक गोऱ्यांचं आणि एक जपान्यांचं, आणि ते स्वतः जपानी घराण्याचे निष्ठावंत. गोऱ्यांच्या खेळात सुरुवातीलाच विचारतात, तू कोण? नाक कसं हवं, हनुवटी केवढी हवी, चांगला होणार की वाईट? मग एका माळावर सोडून देतात आणि म्हणतात, जा कुठे जायचं तिकडे. आतोबांना यातलं काहीच पटत नसे. "जन्माला येताना आपल्याला कोणी नाक विचारलं होतं का," ते म्हणत. जपानी खेळात नाव-गाव, चेहरा, दुःख सगळं तयार असतं. वाट आखलेली असते, आणि त्या वाटेवर एकेक सोबती येऊन मिळतो. मारामारीसुद्धा नंबराने: आधी तुम्ही एक वार करायचा, मग समोरचा राक्षस शांतपणे आपली पाळी घेणार. ही सभ्यता त्यांना फार भावली होती. गोऱ्यांच्या खेळात सगळे एकदम अंगावर येतात, याला ते "बेशिस्त" म्हणत आणि विषय संपवत. जपानी खेळातला नायक लोकांच्या घरात बेधडक शिरून मडकी फोडतो आणि घरातलं कोणी हूं की चूं करत नाही, हे मी एकदा निदर्शनास आणलं. आतोबांनी बराच वेळ विचार केला. "पाहुण्याला बोलायची त्यांच्यात पद्धत नसेल," ते म्हणाले.

इंग्रजी त्यांचं बेताचं, म्हणून मांडीशी डिक्शनरी आणि वही असे. पडद्यावरच्या प्रत्येक माणसाशी बोलायचं आणि अडलेला शब्द वहीत उतरवायचा. त्यामुळे त्यांचं इंग्रजी सगळं राजवाडे आणि राक्षस यांच्या परिसरातलं झालं. कुरमच्या एका इमारतीत लिफ्ट पुन्हा पुन्हा बंद पडायला लागली तेव्हा त्यांनी तिथल्या ओमानी मॅनेजरला इंग्रजीत सांगितलं की या लिफ्टवर प्राचीन शाप आहे, पण मी उद्या उतरवतो. मॅनेजरने तितक्याच गांभीर्याने मान डोलावली आणि म्हटलं, "इन्शाल्ला."

हमरियाच्या गल्लीत रत्नागिरीकडच्या एका चाचांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. ते जुन्या डिस्कही ठेवत, आणि ते पडले गोऱ्यांच्या बाजूचे. आतोबा गेले की काउंटरवर वाद ठरलेला. "भाऊ, यात हवं ते करता येतं, हवं तिथे जाता येतं," असं म्हणत चाचा एक डिस्क पुढे सरकवत. आतोबा ती उलटसुलट करून परत ठेवत. "आपल्याला हवं काय ते ज्याला ठाऊक आहे, त्याच्यासाठी ठीक आहे," ते म्हणत. तरी एकदा चाचांनी एक डिस्क त्यांच्या पिशवीत टाकलीच. आतोबांनी ती घरी आणून कपाटावर ठेवली आणि दोन वर्षं तिच्यावर धूळ बसू दिली.

आपला पक्ष मला नीट समजावा म्हणून एका शुक्रवारी त्यांनी मला गाडीतून निझवाच्या पुढच्या एका खेड्यात नेलं. तिथे फलज आहे, डोंगरातलं पाणी खजुरीच्या बागांत आणणारा दगडी पाट. आम्ही त्यात पाय सोडून बसलो. खजुरींची सावली पाण्यावर सावकाश हलत होती आणि एक पिवळं पान आमच्या पायांना वळसा घालून पुढे गेलं. येताना वाटेत त्यांनी एक कोरडी वादी दाखवली होती, दगडगोट्यांनी भरलेलं नदीचं रुंद पात्र. "वादीला पाऊस आला की पाणी वाट्टेल तिकडून धावतं," ते म्हणाले. "बघायला भारी. पण पाणी पोचतं ते फलजने. जपानी लोक फलज बांधतात." उठताना म्हणाले, "लिफ्टचंही तेच. कुठे जाणार ते ठरलेलं असतं, म्हणून माणूस निर्धास्त आत शिरतो."

जपानी खेळात सोबत्यांची नावं मात्र आपल्याला बदलता येतात. इतर लोक काय ठेवतात माहीत नाही, आतोबांनी घरची माणसं ठेवली होती. आकाशातून वीज पाडणारी जादूगारीण म्हणजे त्यांची आई. तुरुतुरु पळून शत्रूचे खिसे कापणारा म्हणजे पुण्याला शिकणारा मुलगा. मागे पांढऱ्या झग्यात उभी राहून सगळ्यांच्या जखमा बऱ्या करणारी म्हणजे आत्या. नावाला सहाच इंग्रजी अक्षरं मावत, म्हणून सुनंदाचा शेवटचा 'ए' गळून नुसतं 'सुनंद' राहिलं होतं. मला बरेच महिने जागा नव्हती. मग एका गुबगुबीत बोलक्या प्राण्याला माझं नाव मिळालं. या सगळ्यांना घेऊन आतोबा बर्फातून, ढगांतल्या शहरांतून, समुद्राच्या तळातून चालत जात. मुक्कामाला तंबू टाकला की पडद्यावर सगळी झोपत, आणि मंद संगीत वाजे. तेवढ्यापुरता ते रिमोट खाली ठेवत आणि नुसते बघत बसत.

खरी आत्या गावी होती. बावीस वर्षांत आतोबा दर दोन वर्षांनी महिनाभर जात आणि परतताना "पुढच्या खेपेला कायमचा येतो" म्हणत. मग एका हिवाळ्यात आत्याच महिन्याच्या व्हिसावर मस्कतला आली. विमानतळावरून आल्यावर आतोबा खाली भाजी आणायला गेले, तेव्हा पिशवीतून कोकमं काढता काढता तिने मला सांगून टाकलं, "बघायला नाही आले मी. यांना न्यायला आलेय. एकदा विचारणार. नाही म्हणाले तर एकटी जाईन, पण पुन्हा विचारणार नाही."

पहिल्या शुक्रवारी तिने तो खेळ पाहिला. मारामारी चालू होती. तिने चष्मा लावला आणि विचारलं, "हा सुनंद कोण?"

आतोबा कानशिलापर्यंत लाल झाले. "तू," ते म्हणाले.

आत्या जवळ सरकून बघू लागली. "मी सगळ्यांच्या मागे का उभी?"

"मागे असतं ते सुरक्षित असतं. मार आधी मला बसतो."

"मला विचारलंत?"

आतोबांनी रिमोट मांडीवर ठेवला. राक्षस आपली पाळी येण्याची वाट पाहत उभा राहिला.

दोन दिवसांनी कपाट पुसताना आत्याला चाचांची ती डिस्क सापडली. दुपारी मी घरी होतो, म्हणून मलाच लावून द्यायला सांगितलं. खेळाने तिला विचारलं, तू कोण? आत्याने पाऊण तास नाक करण्यात घालवला. मग नाव विचारलं. एकेक अक्षर शोधत तिने लिहिलं: तारा. ते तिचं माहेरचं नाव. लग्नात ते बदललं, आणि त्यानंतर माझ्या वडिलांखेरीज कोणी तिला त्या नावाने हाक मारली नव्हती. संध्याकाळी आतोबा कामावरून आले तर त्यांची बायको माळावर एकटी उभी. राजाला संकटाचा निरोप द्यायचा होता, राजधानी उजवीकडे होती. आत्या डावीकडे गेली. "तिकडे काही नाही," आतोबा म्हणाले. "नसू दे," आत्या म्हणाली.

मग तो महिना स्वप्नात गेल्यासारखा गेला. आत्या स्वयंपाक आटोपून बसे आणि त्या जगात नुसती हिंडे. तिने एकही राक्षस मारला नाही. फुलं तोडली, डोंगर चढली, पाऊस आला तर झाडाखाली थांबली. राजाचा निरोप तिच्या खिशात तसाच राहिला. आतोबा सुरुवातीला सूचना करत. मग गप्प झाले. मग आपली चटई तिच्या मागे टाकून बघत बसू लागले. त्यांचा निळ्या केसांचा मुलगा त्या महिन्यात पुलावरून हललासुद्धा नाही. शेवटच्या आठवड्यात तिला एक तळं सापडलं, इतकं मोठं की पलीकडचा काठ धुक्यात होता. तिथे तिची तारा थांबली.

निघायच्या आदल्या दिवशी तिने विचारलं. मी स्वयंपाकघरात होतो, पण ऐकू येत होतं. "येताय का?" आतोबा नव्या इमारतीच्या लिफ्टबद्दल बोलले, मुलाच्या शिक्षणाच्या राहिलेल्या वर्षाबद्दल बोलले. ती ऐकून घेऊन "बरं" म्हणाली. विमानतळावर आत जाण्यापूर्वी ती एवढंच बोलली, "आलात तर ते यंत्र आणू नका. तुम्ही या."

त्यानंतरचे शुक्रवार वेगळेच होते. आतोबा जेवून उठले की आत्याचा खेळ लावत. तळ्याच्या काठी पाठमोरी तारा उभी असे, तिच्या ओढणीसारख्या कापडाचं टोक वाऱ्यावर हलत असे, आणि त्या जगात सकाळ होऊन दुपार होई. आतोबा रिमोटला हात लावत नसत. "हलवा ना तिला थोडं," मी एकदा म्हणालो. "ती माझ्या सांगण्यावरून तिथे गेलेली नाही," ते म्हणाले. "मी तिला कशी हलवू?"

असे चार महिने गेले. एका शुक्रवारी टीव्ही बंदच होता. आतोबा खिडकीपाशी बसून कामाच्या किल्ल्या जुडग्यातून एकेक काढत होते. त्यांनी राजीनामा दिला होता. मी कारण विचारलं नाही, पण त्यांनीच सांगितलं. "तीस वर्षं तुझी आत्या मी आखलेल्या वाटेने आली. मला वाटलं, वाट चांगली आहे म्हणून येते. त्या दिवशी ती डावीकडे वळली तेव्हा मी पहिल्यांदा तिचा चेहरा पाहिला. एवढी खूश मी तिला आपल्या घरात पाहिलेली नाही." शेवटची किल्ली काढून म्हणाले, "आता ती जाईल तिकडे जाऊन बघतो." चाचांनी निरोपाला दुकान अर्धा तास बंद ठेवलं आणि आतोबांना बस स्टँडच्या मागच्या हॉटेलात फालुदा खिलवला. वाद कोणी काढला नाही.

यंत्र माझ्याकडे राहिलं. मी पुढे मस्कतमध्येच अल हैलला राहायला गेलो, लग्न झालं, आणि ते खोकं बरेच दिवस उघडलंच नाही. गावाकडच्या बातम्या फोनवर कळत. दोघं मिळून कधी कोयनेकडे, कधी समुद्रावर जात. एकदा एसटीने नुसतेच शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन आले. कुठे जायचं ते आत्या ठरवी आणि आतोबा डबा धरत.

मग एका दुपारी आतोबांचा फोन आला. आवाज थोडा अवघडलेला. "अरे, तारा विचारतेय," ते म्हणाले. ते नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. "त्या तळ्याच्या पलीकडे काय आहे ते बघायचं राहिलं तिचं. तू जाऊन बघशील का?"

मी खोकं उघडलं, वायरी जोडल्या, फोन स्पीकरवर ठेवला. ती तिथेच उभी होती. मी तिला काठाकाठाने नेलं आणि दिसेल ते सांगत गेलो. लव्हाळी आहेत, आत्या. एक मोडकी होडी आहे. धुकं जरा विरळ झालंय. चालायला बराच वेळ लागला आणि तिकडून कोणी घाई केली नाही; फक्त त्यांच्या अंगणातला एखादा पक्षी मधूनच ऐकू येत होता. शेवटी मी पलीकडे पोचलो. तिथे विशेष काही नव्हतं. उंच गवत होतं, त्यात पांढरी बारीक फुलं, आणि मग चढ. मी तसं सांगितलं.

"चढावर नको नेऊ," आत्या म्हणाली. "दमली असेल. त्या गवतात बसता येतं का बघ."

बसायचं बटण कोणतं ते मला ठाऊक नव्हतं. मी एकेक दाबून पाहत होतो, आणि तिकडे ती दोघं थांबली होती.