शिळं आकाश

आमच्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर जे गृहस्थ राहतात, त्यांना सगळे ढगकाका म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि त्यांना ते आवडतंही. त्यांनी आयुष्यभर हवामानखात्यात नोकरी केली. रोज ठरल्या वेळी गच्चीवर जायचं, आभाळाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे आणि त्यातले किती ढगांनी झाकलेत ते कळवायचं, हे काम. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी सकाळी पाय आपोआप गच्चीकडे वळतात. एक लाकडी स्टूल, एक कॅमेरा, आणि पाण्याच्या टाकीवरचा आभाळाचा तोच तो कोपरा. रोज एक फोटो. तो स्वतःच्या वेबसाइटवर टाकायचा आणि खाली आपल्या भाषेत एक ओळ लिहायची.

जगात ढगवेडे लोक इतके असतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. समुद्रापलीकडून, त्याच्याही पलीकडून माणसं ते फोटो बघायला येतात. खालची ओळ त्यांना ओ की ठो कळत नाही. ती ओळ खरं तर एकाच माणसासाठी असते: काकांच्या लेकीसाठी. ती अशा देशात राहते जिथे इकडची सकाळ म्हणजे तिची संध्याकाळ. काकू गेल्यापासून काका एकटेच आहेत. रोज फोन करावा, तर बापलेकीचं पाच मिनिटांत वाजतं. दोघांच्याही नाकावर राग. म्हणून ही ओळ. ‘आठात तीन भाग ढग. वारा मंद. गुडघा ठीक.’ लेक कामावरून घरी आली की बूट काढायच्या आधी ती वाचते, मग बाकीचं जग.

मी खालच्या मजल्यावर राहते. वेबसाइट लवकर उघडाव्यात म्हणून जी कंपनी काम करते, तिथे मी नोकरीला आहे. काकांनी त्यामुळे माझं नाव घाईबाई ठेवलंय. एक दिवस जिन्यात मला अडवून म्हणाले, "घाईबाई, लेक म्हणते माझं आभाळ रांगत येतं. अर्धा फोटो दिसतो, मग थांबतो. तिकडचे लोक कंटाळून निघून जातात म्हणे. काही करता येईल?"

आता माझ्याकडे कुणी असं काही मागितलं की मला चेवच चढतो. काकांचं सगळं पान त्यांच्या घरातल्या कपाटावर ठेवलेल्या एका छोट्या मशीनमधून जगभर जात होतं. जो कुणी पान मागेल, त्याचा निरोप समुद्र ओलांडून त्या कपाटापर्यंत यायचा आणि फोटो परत तेवढंच अंतर कापायचा. मी म्हटलं, "काका, सोपं आहे. तुमच्या पानाच्या प्रती जगभरच्या मशीनमध्ये ठेवून देऊ. ज्याने मागितलं, त्याला त्याच्या जवळच्या मशीनने द्यायची. कपाटापर्यंत यायलाच नको. याला एज कॅशिंग म्हणतात."

"कॅश? रोख?"

"रोख नाही हो. साठवण."

मग त्यांनी मला भंडावून सोडलं. ही मशीनं असतात कुठे? खोलीत? खोलीला खिडकी असते का? तिथली धूळ कोण पुसतं? एका प्रतीवरून दुसरी काढली तर ढग फिका होतो का? खरं सांगते, इतकी वर्षं या कामात आहे, पण त्या खोलीला खिडकी असते का हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. मी चौकशी केली. बहुतेक ठिकाणी नसते. काकांना याचं फार वाईट वाटलं. "म्हणजे माझे ढग तिथे खिडकी नसलेल्या खोलीत," असं ते म्हणाले.

प्रतीबरोबर ती कुठल्या शहरातल्या मशीनमधून आली याची एक छोटी खूण येते, हे मी त्यांना दाखवलं आणि पस्तावले. आता ते जगभरच्या ढगवेड्यांना पत्रं लिहून ती खूण विचारून घेऊ लागले आणि प्रत्येक शहरात आज हवा कशी आहे ते बघू लागले. जिन्यात भेटले की बातमी तयार. "आपली एक प्रत आज बर्फात आहे बरं का!"

प्रत किती वेळ ठेवायची, हे तर सुरुवातीलाच ठरवावं लागलं होतं. तेव्हाही त्यांनी नाक मुरडलं होतं. "म्हणजे शिळं आकाश वाढणार तू लोकांना." मी म्हटलं, तुम्हीच सांगा किती शिळं चालेल. हवामानखात्यातल्या माणसाने रीतसर विचार केला. पान दिवसातून एकदाच बदलतं, तेव्हा प्रतीचं आयुष्य एक दिवस. मलाही पटलं. त्यांनी सांगितलं, मी तसं लावून टाकलं.

पान असं झटकन उघडायला लागलं की लेकीने खास फोन केला, आणि त्या फोनवर चक्क भांडण झालं नाही.

पुढच्याच आठवड्यात मी ऑफिसात असताना माझा फोन वाजला. लेक होती. तिच्याकडे संध्याकाळ झालेली. आवाज असा की मी उभीच राहिले.

"अगं, बाबा वर आहेत का? फोन उचलत नाहीयेत."

"असतील की. आजची ओळ आलीय ना."

"नाही आली. कालचीच आहे."

मी माझ्यासमोर पान उघडलं. ‘आभाळ निरभ्र. डोकं ठीक.’ खाली आजची तारीख. मी तिला वाचून दाखवलं.

"मला धीर देऊ नकोस," ती म्हणाली. "माझ्यासमोर काय आहे सांगू? ‘आठात सहा भाग ढग. जिन्यात जराशी चक्कर आली होती. आता ठीक.’ काल चक्कर, आज ओळ नाही, फोन नाही. आणि तू म्हणतेस डोकं ठीक!"

"अगं, शपथ. मला आजचंच दिसतंय."

"मग मला का नाही दिसत?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायचा मी पगार घेते. पण त्या क्षणी माझ्याही डोक्यात चक्कर हा एकच शब्द होता. ओळ सकाळची, त्यानंतर काय झालं कुणी पाहिलंय? हातातलं काम टाकून मी रिक्षा करून घरी आले. काकांचं दार उघडं, फोन टेबलावर थरथरतोय, घरात कुणी नाही. जिना चढून गच्चीवर गेले, तर काका टाकीच्या सावलीत उताणे पडलेले.

मी किंचाळलेच. काकांनी मान न हलवता हात वर केला. "हळू. तो ढग विरघळतोय."

माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच इतका राग आला की काय सांगू. मी त्यांना नको नको ते बोलले. लेकीला फोन लावला, स्पीकरवर ठेवला, आणि तिने माझ्यापेक्षा जास्त सुनावलं. काकाही गप्प बसणाऱ्यातले नव्हेत. "निरभ्र आभाळात एकुलता एक ढग आला होता, तो सोडून फोन घेऊ?" बापलेकीचं मनसोक्त भांडण झाल्यावर मी मध्ये पडून काय घडलं ते सांगितलं. आज काकांनी ओळ लिहायच्या जरासं आधी लेकीच्या भागातल्या कुणीतरी पान मागितलं होतं. तिथल्या मशीनने नवी प्रत नेली ती कालच्या ओळीची, आणि तिचं एक दिवसाचं आयुष्य तिथून सुरू झालं. आता उद्यापर्यंत तिकडे कालचंच आभाळ.

काका राग विसरून उठून बसले. "म्हणजे दिवस केव्हा सुरू होतो हे तिथलं पहिलं गिऱ्हाईक ठरवतं? सूर्य नाही?"

"सूर्याला कोण विचारतो, काका."

"कमाल आहे!" ते इतके खूश झाले की फोनमधून लेकीचा उसासा ऐकू आला.

मी म्हटलं, यावर उपाय आहे. काकांनी ओळ लिहिली रे लिहिली की जगभरच्या सगळ्या जुन्या प्रती पुसून टाकायच्या. पुन्हा असं होणार नाही. मला वाटलं, विषय संपला.

"नको," लेक म्हणाली. "फोटोंच्या प्रती कितीही ठेव. ओळीची ठेवू नकोस."

"अगं, मग ती हळू येईल. पार कपाटापासून यावं लागेल तिला."

"येऊ दे. हे बघ, बाबांनी ओळ लिहिली तर तू जुनी प्रत पुसशील. आणि नाही लिहिली तर? बाबांना काही झालं, ते मशीन बंद पडलं, तरी तुझी ती प्रत मला सांगत बसेल की सगळं ठीक आहे. मला ते नकोय गं. मला बाबांकडूनच यायला हवी. वेळ लागला तर मी थांबेन."

 काका चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले.  वेळ वाचवायचे इतके मार्ग मला येतात, पण कुणाला थांबायला आवडत असेल हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

मी तसं करून दिलं. आता पान उघडलं की फोटो झटकन येतो, खालची जागा पापणी लवेपर्यंत कोरी राहते, आणि मग ओळ उमटते. माझ्या हातचं हे एकच हळू काम. ऑफिसात कुणी पाहिलं तर हसतील. लेक म्हणते, ती त्या कोऱ्या जागेकडेच बघत असते.

काकांना अर्थातच ती पापणी किती लांब असते हे हवं होतं. तेही मी मोजून दिलं. त्यानंतर एका सकाळी त्यांनी कपाटावरचं मशीन बंद करून त्याची धूळ पुसली. जगभर ढग दिसत राहिले, कुणाला काही कळलंही नाही. ओळीची जागा सगळीकडेच कोरी राहिली, पण तिची वाट बघणारी एकटी लेक, आणि काकांचं फडकं अजून हातात असतानाच फोन वाजला.

"आहे मी," काका म्हणाले. "धूळ पुसत होतो."

मग बराच वेळ बोलले. शेवटी वाजलंच, पण पाच मिनिटांत नाही.

आता ते दर आठवड्याला, बरोबर लेक घरी यायच्या वेळेला, मशीन बंद करून धूळ पुसतात. मी ते मशीन जवळून पाहिलंय. त्याच्यावर एवढी धूळ बसत नाही.