निवडून भरलेली बाटली

गेल्या वर्षी पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने पावसच्या खाडीकाठचा आमचा कोळंबीचा अख्खा तलाव चार दिवसांत मारला. "आणखी एकदा असं झालं तर तलाव बुजवायचा," असं बायकोने निक्षून सांगितलं होतं, आणि ती बोलते ते करते.

आमची सून मंडणगडची, डोंगरातली. समुद्र तिने कॉलेजात गेल्यावर पाहिला आणि निघाली मला कोळंबी शिकवायला, म्हणून मी तिला फार चिडवायचो. ती रत्नागिरीत प्रयोगशाळेत आहे. या वर्षी तिचं फर्मान निघालं, "तपासल्याशिवाय बीज तलावात सोडायचं नाही." केसाएवढी पिल्लं खलात वाटून घ्यायची, त्यांतला रोगाचा इवलासा अंश मशीन लाखो पटींनी वाढवतं, मग लपलेला रोगही सापडतो, असं तिने समजावलं. मला अर्धंच पटलं. घमेल्यात पाणी फिरवायचं, प्रवाहाच्या उलट पोहतं ते बीज चांगलं, ही माझी परीक्षा.

तरी बीज जिथून घ्यायचं त्या हॅचरीत जाऊन नमुन्याची बाटली मीच भरली. रिपोर्ट स्वच्छ आला. मी पेढे आणले.

सून मात्र रिपोर्टकडे बघत राहिली. "बाबा, पिल्लं कशी घेतलीत?"

"कशी म्हणजे? चांगली टणटणीत बघून! अगो, आपलं बीज तपासणीला जातंय, त्यात मरतुकडी कशी घालायची? पाहुण्यांच्या पेटीत डागी हापूस भरतं काय कोणी?"

तिने कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून माझ्याबरोबर आली आणि टाकीच्या कडेने, तळातून, सुस्त पडलेली पिल्लंसुद्धा वेचून घेतली.

या वेळी रोग निघाला. हॅचरीने ती टाकी ब्लीचिंग टाकून साफ केली. ते बीज परवा आमच्या तलावात पडणार होतं. डोंगरातल्या या पोरीचा मला त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला, तेवढा स्वतःच्या मुलाचाही कधी वाटला नव्हता.

रात्री जेवताना बायकोने विचारलंच, "पहिल्या खेपेला कसा नाही सापडला गो?"

"होतं असं कधी कधी, आई. नमुना बरोबर आला नव्हता," भात कालवत सून म्हणाली. माझं नाव नाही.

लग्नाला चाळीस वर्षं झाली, या घरात मी एक चूक कबूल केलेली नाही. पण त्या दिवशी मी हातातला घास ताटात ठेवला.

"नमुना मी भरलेला," मी म्हणालो, "निवडून."

बायकोने सुनेच्या पानात कालवणाचा आणखी एक डाव वाढला.

"यापुढे तलाव हिच्या हुकमाने चालेल," ती म्हणाली. बुजवायचं नाव तिने काढलं नाही.