साहेबाचं ‘यू नो’

त्या साहेबाचा गॉगल आठवला तरी माझं डोकं आजही फिरतं. बहात्तरच्या दुष्काळात खर्ड्याजवळ खडी फोडणाऱ्या बायांची हजेरी मी घ्यायचो. एका दुपारी तो जीपमधून उतरला. बायांनी विचारलं, “सायेब, पान्याचा टँकर कवा येनार?”

गॉगल पुसत तो सुरू झाला, “ॲक्च्युअली, यू नो, टँकर इज, आय मीन, वेल, यू नो, नॉट पॉसिबल...”

साहेब एवढं बोलतोय म्हणजे पाणी नक्की, असं समजून बायांनी घागरी रांगेत मांडल्या. साधं ‘नाही’ म्हणायला त्याच्या जिभेला काय धाड भरली होती? जीप गेली. ते ‘नाही’ मला सांगावं लागलं.

रिकामी घागर उचलत एक म्हातारी म्हणाली, “मंग येवढा येळ त्यो काय बोलत हुता?”